बैठकीतला समुद्र

वेणीमाधव गायधनी आमच्या पंचवटीतले तीर्थोपाध्याय. चाळीस वर्षं रामकुंडावर त्यांनी लोकांना हातातलं सोडायला लावलं. कुणी सिन्नरहून आलेलं, कुणी थेट नांदेडहून रात्रभर प्रवास करून. गुडघाभर पाण्यात त्यांना उभं करायचं, मंत्र म्हणायचे, आणि अस्थींचं गाठोडं छातीशी धरून राहिलेल्या माणसाला सांगायचं, "सोडा आता." लगेच पुढचं वाक्य, "मागे वळून बघू नका." दोन्ही वाक्यांच्या मध्ये श्वास घ्यायला जागा नसे, कारण पायरीवर पुढचं कुटुंब ताटकळत असे. आम्ही त्यांना म्हणायचो, गुरुजी, तुमची बस स्टँडवरच्या कंडक्टरसारखी घाई असते. ते म्हणायचे, गर्दीही तशीच असते.

स्मरणशक्ती अशी की आडनाव आणि गाव सांगितलं की वंशावळीची वही उघडायच्या आत पणजोबांचं नाव तोंडावर. मात्र स्वतःच्या स्वयंपाकघरात साखरेचा डबा कुठला, हे त्यांना त्यांच्या पत्नी मालिनीवहिनी गेल्यानंतर कळलं. तेही तीन चहा मिठाचे झाल्यावर.

मालिनीवहिनी मूळच्या कोकणातल्या, समुद्रकाठच्या हर्णैच्या. स्थळ आलं तेव्हा त्यांच्या वडिलांनी विचारलं होतं म्हणे, नाशिकला पाणी कसं आहे? मध्यस्थ म्हणाला, पाण्याची काय काळजी, दारात गंगा आहे. वहिनी आल्या आणि त्यांनी ती गंगा, म्हणजे आमची गोदावरी, पाहिली. मग नवऱ्याला इतकंच म्हणाल्या की हिला पलीकडचा काठ दिसतो. गुरुजींनी दर वर्षी हर्णैला जाऊ असं कबूल केलं. पण लोक काही मरायचे थांबले नाहीत, आणि हर्णै राहून गेलं.

वहिनी एका शाळेत प्रयोगशाळेत सहायक होत्या. परीक्षानळ्या, तराजू, लेबलं यांत आयुष्य गेलं. निवृत्त झाल्यावर त्यांनी एक दिवस बैठकीच्या खोलीत चार फूट लांबीची काचेची टाकी आणून ठेवली, शुद्ध केलेल्या पाण्यात मोजून मीठ मिसळलं आणि घरातच समुद्र केला. त्या रात्री आमच्या गल्लीत बातमी पसरली ती अशी की गायधनींच्या घरी मासे आले. पंचवटीतल्या उपाध्यायाच्या घरी मासे, या बातमीला पाय फुटायला किती वेळ लागणार? दुसऱ्या दिवशी सकाळी तीन ज्येष्ठ मंडळी चहाच्या निमित्ताने पाहणी करून गेली. मासे दोनच होते, नारिंगी, पांढऱ्या पट्ट्यांचे, आणि जिवंत. मंडळींना हायसं वाटलं, पण थोडी निराशाही झाली असावी.

मासे खरं तर पाहुणे. वहिनींचा जीव होता प्रवाळावर. परदेशात शेतीसारखं लावून वाढवलेलं, कागदपत्रांसह आलेलं मऊ प्रवाळ. शर्टाच्या बटणाएवढी हिरवी-जांभळी फुलं दगडांवर दाटीने बसलेली, आणि मधोमध एक मोठं, छत्रीसारखं पसरलेलं, ज्याच्या माथ्यावर हजार बारीक बोटं पाण्यात डुलत. या छत्रीचा स्वभाव मोठा मानी. जवळून कुणी हात फिरवला, पाणी बदललं, मिठाचा अंदाज जरा चुकला की सगळी बोटं आत ओढून घ्यायची आणि आठ-आठ दिवस मिटून बसायचं. वर अंगावर मेणासारखी साय धरायची. वहिनींनी तिचं नाव ठेवलं होतं कमळाबाई. कमळाबाई म्हणजे गुरुजींच्या दिवंगत मातोश्री. गुरुजींना हे नाव कुणावरून ठेवलंय ते कळलं होतं, आणि आपल्याला कळलंय हे त्यांनी पाच वर्षांत एकदाही कळू दिलं नाही. चांगल्या संसाराची याहून मोठी खूण मला तरी माहीत नाही.

बैठकीत विधींसाठी आलेले यजमान बसत, आपल्या घराण्याची वही निघेपर्यंत टाकीकडे बघत. एकदा विदर्भातल्या एका आजींनी भक्तिभावाने हात जोडले आणि पाच रुपयांचं पिवळं नाणं टाकीत सोडलं. वहिनींनी कोपरापर्यंत हात घालून ते बाहेर काढलं, कारण त्या नाण्यात तांबं असतं आणि प्रवाळाला तांबं म्हणजे विष. त्या दिवसापासून टाकीवर वहिनींच्या अक्षरातली पाटी लागली: हे तीर्थ नाही. नाणी टाकू नयेत.

टाकीवर चार नळ्यांचा जुना दिवा होता. त्याला ना घड्याळ, ना आपोआप बंद व्हायची सोय. सकाळी अकराला वहिनी तो लावत आणि संध्याकाळी सातला बंद करत. पाच वर्षांत एक दिवस चुकला नाही.

गेल्या पौषात, सकाळी साडेअकराला, टाकीसमोरच्या खुर्चीत बसल्या-बसल्या मालिनीवहिनी गेल्या. दिवा नुकताच लावला होता.

आपल्याकडे माणूस गेलं त्या जागी पीठ पसरून दिवा ठेवतात. दहा दिवस तो विझू द्यायचा नाही. पुण्याहून आलेल्या आभाने, त्यांच्या मुलीने, खुर्चीच्या जागी तेलाचा दिवा ठेवला. संध्याकाळी सात वाजता ती टाकीचा दिवा बंद करायला गेली तेव्हा गुरुजी भिंतीला टेकून बसले होते. ते म्हणाले, राहू दे. या जागी अंधार नको. आभाला वाटलं, आजच्या दिवसापुरतं. पण दुसऱ्या दिवशीही तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. आयुष्यभर दुसऱ्यांची सुतकं सांभाळलेला माणूस. त्याला शास्त्र कोण शिकवणार? घरात भेटायला येणाऱ्यांची रीघ होती, टाकीकडे लक्ष कुणाचं? तेलाचा दिवा दहाव्या दिवशी शांत केला. टाकीचा दिवा चालूच राहिला, रात्रंदिवस, तेरा दिवस. चौदाव्या दिवशी तो आपणहून फट्‌ आवाज करून जळला.

तेव्हा कुठे सगळ्यांनी टाकीकडे पाहिलं. काचेवर हिरवं शेवाळ. बटणफुलं मिटलेली, निम्मी पांढरीफटक. पाणी ढवळणारा पंप, ज्याला वेव्हमेकर म्हणतात, क्षारांनी अडकून नुसता घरघरत होता. आणि मधोमध कमळाबाई, छत्री मिटून, अंगावर जाड चकचकीत साय धरून, निम्म्या उंचीच्या झालेल्या.

आभाने व्यवहाराची गोष्ट सांगितली. बाबा, हे जिवंत काम आहे, तुम्हाला एकट्याला झेपणार नाही. टाकी दुकानदाराला देऊन टाकू, तो नीट सांभाळेल. गुरुजींनी वाद घातला नाही. महिन्याच्या श्राद्धापर्यंत थांब म्हणाले. तोपर्यंत कमळाबाई उघडल्या तर टाकी राहील, नाहीतर घेऊन जाऊ दे त्याला. आभा हो म्हणाली आणि पुण्याला गेली. दिवस उरले होते सोळा.

मग गुरुजींनी रिक्षा केली आणि कॉलेज रोडच्या मागच्या गल्लीत नवनाथच्या दुकानी गेले. सोबतीला मी होतो. नवनाथ निफाडकडचा, घरची द्राक्षबाग भावाकडे सोपवून माशांच्या धंद्यात पडलेला. वहिनींचा सगळा माल त्याच्याकडचा. काचेआड रांगेने दिवे टांगलेले होते, कुठला निळा, कुठला पांढरा. गुरुजींनी चपला काढल्या नाहीत एवढंच. बाकी देवळात शिरल्यासारखे शिरले आणि म्हणाले, सगळ्यांत मोठा दाखव.

नवनाथने मोठा दाखवलाच नाही. त्याने आधी विचारलं, टाकीत काय-काय हाय? खोली किती? कोण कुठं बसलंय? ज्या माणसाला नांदेडच्या कुठल्याही घराण्याच्या सात पिढ्या पाठ, त्याला आपल्या बैठकीत कोण राहतं हे सांगता येईना. नवनाथ म्हणाला, तुम्ही यादी करून आणा, मग दिवा बघू. कोण राहतं हे कळल्याबिगर उजेड ठरत नाय.

गुरुजी दुसऱ्या दिवशी यादी घेऊन हजर. ती मी पाहिली आहे. घराण्याच्या वहीत लिहितात तसंच लिहिलेलं होतं: बटणफुले, हिरवी, पूर्व भिंतीलगत, कुळे चार, पैकी एक निर्वंश. बटणफुले, जांभळी, मधल्या दगडावर, कुळे दोन, क्षीण. मत्स्य दोन, दांपत्य. कमळाबाई, मध्यभागी, एकट्या. नवनाथने ती यादी दोनदा वाचली आणि हसला नाही. टाकीची खोली दीड हात, हे शेवटी दोरीने मापून लिहिलं होतं.

मग नवनाथने समजावलं, आणि त्याचं समजावणं सगळं द्राक्षातून. तुमच्याकडं हाय ते मऊ प्रवाळ, त्याला मधल्या ताकदीचा उजेड पुरतो. मोठा दिवा कडक प्रवाळासाठी. तो तुमच्या टाकीवर टांगला तर उन्हाळ्यात घडाला कागद न लावल्यासारखं व्हईल, मणी भाजून निघंल. टाकी चार फुटी. एकच दिवा मधी टांगला तर मधले भाजतात आन्‌ कडंचे उपाशी ऱ्हातात. म्हणून लहान दोन घ्या, दोन्हीकडं एकेक.

गुरुजी म्हणाले, देवापुढे समया दोन असतात त्याच हिशेबाने. नवनाथ म्हणाला, तोच हिशेब.

दिव्याला निळ्या आणि पांढऱ्या उजेडाच्या दोन वेगळ्या कळा होत्या. प्रवाळाचं पोट भरतं ते मुख्यतः निळ्यावर. पांढरा आपल्या डोळ्यांसाठी, तोही बेताचा, नाहीतर शेवाळ माजतं. आणि अशक्त झालेल्या जिवाला सुरुवातीला पावशक्तीचाच उजेड द्यायचा, मग दर आठवड्याला थोडा-थोडा वाढवायचा. आजारातून उठलेल्याला तुम्ही पहिल्या दिवशी श्रीखंड-पुरी घालता का गुरुजी, असं त्याने विचारलं. गुरुजींना श्राद्धाच्या जेवणावळी आठवल्या असाव्यात. सगळ्यांत महत्त्वाचं, दिव्यात घड्याळ होतं. अकराला लागायचा, सातला मंद होत होत विझायचा.

"अंधार पन खुराकच असतो त्यांचा," नवनाथ म्हणाला. "तेरा दिवस झोपूच दिलं नाय तुम्ही."

गुरुजींनी मान हलवली. मला वाटलं, पटलं.

पाण्याच्या हालचालीचं नवनाथने तितकंच नीट सांगितलं. टाकीत तीनशे लिटर पाणी, ते तासाला पंधरा-वीस वेळा फिरायला हवं. पण एकाच जोरदार पंपाने ढोसायचं नाही. एका बाजूने सतत मार बसला की प्रवाळ मिटतं. मध्यम ताकदीचे दोन वेव्हमेकर, समोरासमोर, पाळीपाळीने चालणारे. गुरुजी म्हणाले, म्हणजे आवर्तनं. एका पंगतीने म्हणायचं, दुसरीने ऐकायचं. नवनाथने पुढे बजावलं, धार कमळाबाईंवर थेट नको, पण त्यांच्या बाजूने पाणी वळलं पाहिजे. कारण ती साय कात असते. ती त्यांना टाकायची असते. पाणी वाहतं असलं तरच ती निघून जाते. पाणी थांबलं तर तिच्याखाली अंग कुजतं. वास आला तर मात्र एक दिवस ठेवू नका, नाहीतर सगळी टाकी जाईल.

पंप कुठे लावायचे यासाठी नवनाथचा माणूस फोनवर काही चित्रं घेऊन आला होता. गुरुजींनी ती बाजूला ठेवली. त्यांनी कमरेच्या पिशवीतून काळे तीळ काढले, वाटीत भिजवले, आणि टाकीत अकरा तीळ सोडले. रामकुंडावर चाळीस वर्षं त्यांनी हेच पाहिलेलं: सोडलेले तीळ कुठे वळतात, कुठे घुटमळतात, कुठे बसतात. जिथे बसले तिथे पाणी मेलेलं. डावा पंप चार बोटं खाली घेतला, उजवा जरा काचेकडे वळवला, तेच तीळ काढून पुन्हा सोडले. तिसऱ्या खेपेला तीळ कमळाबाईंना वळसा घालून मागच्या दगडाआडून फिरून पुढे आले आणि कुठेही बसले नाहीत. तो माणूस बघतच राहिला. त्याने नवनाथला फोन लावला. नवनाथ म्हणाला, झकास, फक्त तीळ मोजून बाहेर काढा, तेल सुटंल. गुरुजींनी चिमट्याने अकराच्या अकरा काढले. त्या दिवशी, वहिनी गेल्यापासून पहिल्यांदाच, ते पोटभर जेवले.

दिवस जाऊ लागले. बटणफुलं एकेक करून उघडू लागली. कमळाबाई मात्र तशाच. आठ दिवस गेले, दहा गेले. वास नव्हता, पण साय जाड होत चालली होती, आणि बुंध्यापाशी एक करडा डाग दिसू लागला होता. गुरुजी सकाळी रामकुंडावर जात, दुपारी येऊन टाकीसमोर बसत. ती खुर्ची मात्र रिकामीच. ते खाली सतरंजीवर. वहिनी टाकीच्या नोंदी ठेवत त्या वहीत ते रोज एक ओळ लिहीत. मीठ इतकं. उष्णता इतकी. क. मिटलेल्या.

त्या सोळांपैकी बाराव्या दिवशी, मंगळवारी, नवनाथ काळारामाच्या दर्शनाला आला होता. साडेसातचा सुमार. मी गुरुजींकडे चहाला बसलो होतो. नवनाथ दारात आला, चपला काढल्या आणि तिथेच थांबला.

"गल्लीतूनच निळा उजेड दिसला," तो म्हणाला. "सात वाजून गेले ना गुरुजी?"

गुरुजी चहाची कपबशी पुसत राहिले. नवनाथने जवळ जाऊन दिव्याची पेटी पाहिली. घड्याळ ठरवल्याप्रमाणे सातला दिवा विझवत होतं. आणि विझला की गुरुजी उठून हाताने पुन्हा लावत होते. झोपेपर्यंत. कधी-कधी त्याच्याही नंतर. दुकानात त्यांनी मान हलवली होती ती खोटी नव्हती. पटलं होतं त्यांना. फक्त सात वाजले की जमत नव्हतं.

"त्या वेळेला खोलीत कुणी नाही असं वाटतं रे," गुरुजी म्हणाले.

नवनाथ सतरंजीच्या कडेला बसला.

"माझ्या आबांच्या वक्ताला मी अस्थींचं फडकं सोडीत नव्हतो," तो म्हणाला. "आठवतं का? मागं लोकं खोळंबली व्हती. तुम्ही म्हणले व्हते, नवनाथ, तू धरून ठेवलं तर त्यांनी जायचं कुठून?"

गुरुजींना आठवत नव्हतं. ते तसं म्हणालेही. म्हणाले, मी हजारोंना सांगितलं असेल.

"असंल. पन मी एकदाच ऐकलं ना."

त्याने दिव्याला हात लावला नाही. आला तसा चपला घालून निघून गेला. मलाही उठवेना आणि बसवेना. कपातल्या चहाने साय धरली होती, ती मी बोटाने बाजूला करत बसलो, कारण करण्यासारखं दुसरं काही नव्हतं. बऱ्याच वेळाने गुरुजी उठले. बटणावर बोट ठेवून उभे राहिले. चाळीस वर्षं ज्याने एका श्वासात "सोडा आता" म्हटलं, त्या माणसाला एक बटण दाबायला लागला तेवढा वेळ मी रामकुंडावर कुणालाही लागलेला पाहिला नाही.

दिवा विझला. रस्त्यावरच्या खांबाचा थोडा उजेड आत येत होता. टाकीतले दोन्ही पंप पाळीपाळीने चालत होते, एकाचं थांबलं की दुसऱ्याचं. अंधारात ऐकलं तर ते खरोखर समुद्रासारखं वाटत होतं. हे मी बोललो नाही. गुरुजीच म्हणाले.

"हर्णैला असंच ऐकू येत असेल."

दुसऱ्या दिवशी काही झालं नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. आभा शुक्रवारी रात्री यायची होती, शनिवारी श्राद्ध. शुक्रवारी सकाळी अकराला दिवा लागला तेव्हा गुरुजींनी मला हाक मारली. त्यांच्या आवाजात ना आनंद होता ना भीती, म्हणून मी धावतच गेलो.

कमळाबाईंच्या माथ्यावरची साय एका कडेने सुटली होती. पाणी डावीकडून आलं की ती फडफडत वर उठे, उजवीकडून आलं की परत अंगावर बसे. असं कितीतरी वेळ. नवनाथने फोनवर बजावलं होतं की हात लावायचा नाही, ओढायचं नाही, पाणी करील. गुरुजींचे दोन्ही हात मांडीखाली दाबलेले होते. मग डाव्या पंपाची पाळी आली, सायीचं ते फडकं पूर्ण उलगडलं, एका धाग्यावर जरा अडकलं, आणि सुटलं. मागच्या दगडाआडून वळसा घेत, तीळ गेले होते त्याच वाटेने, ते वरच्या कोपऱ्यात गेलं.

खाली कमळाबाई गुलाबीसर, ओल्या, उघड्या. चारच्या सुमाराला कडेची पहिली बोटं बाहेर आली. दहा-बारा असतील.

आभाला त्यांनी स्टेशनवर काही सांगितलं नाही. घरी आल्यावर वहिनींची वही तिच्या हातात दिली. तिने शेवटची ओळ वाचली, टाकीपाशी गेली, आणि मग आईची खुर्ची ओढून तिच्यात बसली. महिनाभरात त्या खुर्चीत कुणी बसलं नव्हतं. गुरुजींनी तिला उठवलं नाही. टाकी द्यायचा विषय पुन्हा निघाला नाही. बुंध्यावरचा करडा डाग अजून आहे. जांभळ्या बटणफुलांचं एक कुळ गेलं ते गेलंच. गुरुजींनी यादीत त्याच्यापुढे तिथी घातली आहे. संध्याकाळी सातला दिवा विझतो. तेवढ्या वेळेला ते हातातलं काम ठेवून टाकीसमोर येऊन बसतात, नंतर उठून संध्येला लागतात.

परवा मी सकाळी रामकुंडावर गेलो होतो. गुरुजी पाण्यात उभे होते. समोर येवल्याचा एक मध्यमवयीन माणूस, हातात लाल फडक्यातलं गाठोडं. मंत्र संपला. माणूस काही सोडीना. मागे पायरीवर दोन कुटुंबं उभी, एकजण घड्याळ बघत होता. मी नेहमीच्या त्या दोन वाक्यांची वाट पाहत राहिलो. ती आली नाहीत. गुरुजी त्याच्या शेजारी नुसते उभे राहिले, पाण्याकडे बघत. बऱ्याच वेळाने म्हणाले,

"सावकाश. पाणी वाहतंच आहे."